त्या कंडक्टरदादांचे आणि टेबलावरच्या मॅडमचे आभार

धाकटा भाऊ आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांचा ट्रेड पास होऊन आठ महिने घरीच होता. कुणीतरी सांगितलं म्हणून साताऱ्याला शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) मेळाव्याला निघालो आणि स्टँडवर उतरल्यावर कळलं, फाईल एसटीतच राहिली. मूळ गुणपत्रिका, दाखला, आधार, सगळं त्यात. गाडी कोरेगावला परत निघून गेलेली. पोरगं रडायच्या बेतात.

चौकशी खिडकीवरच्या काकांनी लगेच डेपोला फोन लावला. पुढच्या फेरीला तेच कंडक्टरदादा फाईल घेऊन आले. पाऊस होता, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून आणली होती. डबा मात्र हातात. चहाचे पैसे देऊ केले, तर म्हणाले, "आधी पळा, उशीर होईल."

मी फाईलसाठी थांबले तोवर भाऊ मेळाव्यात पुढे गेला होता; तिथे नोंदणी संपत आली होती. तिथल्या मॅडमनी त्याचं नाव यादीत लिहून ठेवलं, कागद येईपर्यंत त्याला शेजारी बसवलं आणि नीट समजावलं: ही १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची उमेदवारी, दरमहा विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. दोन वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि किती पोरांना अजूनही माहीत नसेल!

सोमवारपासून तो कामावर जातोय. तुमची नावं विचारायची राहिली. दादा, मॅडम, काका, मनापासून आभार. ती पिशवीची गाठ आईला अजून सांगते मी.