उजव्या अंगाने जमला

कोल्हापूर,
दि. ११ मार्च २०२५

प्रिय अप्पा,

पत्रास कारण की, परवाच्या रविवारी दुपारी सव्वातीन वाजता, दोना पावलाच्या त्याच खडकाळ कोपऱ्यासमोर, मी ८५ लिटरच्या विंडसर्फिंगच्या आखूड फळीवर पाण्यात न पडता टॅक केला, म्हणजे फळीचे तोंड वाऱ्यासमोरून फिरवून दुसऱ्या बाजूला वळलो. किनाऱ्यावर त्या वेळी एक शहाळेवाला आणि दोन कुत्री होती आणि तिघांपैकी कोणीही मान वर केली नाही. रात्री घरी येऊन सांगितले, तर तुझ्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे वळलात. एवढंच ना?" एवढेच. पण या एवढ्याशा वळण्याला मला सहा वर्षे लागली, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगायचे, हा प्रश्न पडला आणि मग आठवले की तुला दीड वर्षात एक ओळ लिहिलेली नाही.

मौनाचे कारण लपवत नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एबाद अलीने विंडसर्फिंगच्या आरएसएक्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या दिवशी तुझा आनंदाचा निरोप आला होता. त्याच्या शेवटी तू लिहिले होतेस, "आता तरी टॅक शिक." त्या चार शब्दांसाठी मी अठरा महिने रुसून बसलो, हे आज लिहिताना माझे मलाच हसू येते, पण तेव्हा ते लागले होते, कारण त्याच महिन्यात मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून ही फळी विकण्याचा विचार करत होतो.

आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, छान दिसते. माझा गुडघा आहे तसाच आहे. बाकी सर्व क्षेम.

आता मूळ गोष्ट. आपली जुनी फळी तुला आठवते. पावणेचार मीटरच्या घरातली, पोटाखाली डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात उतरणारे उभे पाते, असलेली, रुंद आणि शांत. तिच्यावर टॅक करताना माणसाने अंबाबाईच्या देवळात घालतो तशी डोलकाठीला सावकाश प्रदक्षिणा घालावी, मध्येच थांबून कोण आले कोण गेले ते पाहावे आणि मग दुसऱ्या बाजूने शीड धरावे, तरी ती फळी तक्रार करत नसे. मला वाटत होते की टॅक मला येतो. वास्तविक तो त्या फळीला येत होता. आखूड फळी घेतल्यावर पहिल्याच दिवशी हे कळले, आणि ते तुझ्यासमोर कळले, हे त्याहून वाईट.

हिशेब मी नंतर कागदावर मांडला. माझे वजन ७६ किलो. फळी सात किलोची. शीड, डोलकाठी आणि बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, मिळून नऊ किलो. ओले जाकीट आणि शिडाला लटकायचा कमरपट्टा, हार्नेस, यांचे तीन धर. बेरीज ९५. एक लिटर आकारमान साधारण एक किलो भार तोलते, खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. म्हणजे ८५ लिटरची फळी फार तर ८७ किलो तोलून धरील. उरलेले आठ किलो वेगानेच उचलायचे. वेग आहे तोवर फळी पाण्यावरून घसरत जाते आणि माणसाला आपण फार हलके आहोत असे वाटते. टॅकमध्ये नेमका वेग जातो, कारण फळीचे तोंड वाऱ्याच्या डोळ्यात घालायचे असते, आणि त्याच क्षणी आपण आपले ७६ किलो घेऊन तिच्या सर्वांत निमुळत्या टोकावर जाऊन उभे राहतो. ती दुसरे काय करणार? पावसाळ्यात रंकाळ्यातला संध्यामठ जातो तशी खाली जाते.

तुझे म्हणणे असे की, मग टॅक करायचाच कशाला, जाइब करावा; आणि जाइब मला बरा येतो, हे तूही कबूल केले होतेस. पण जाइब वाऱ्याच्या पाठीकडून वळतो आणि प्रत्येक वेळी कमावलेली उंची, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने वर काढलेले अंतर, थोडी थोडी गमावतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारा उतरत चालला असताना मी एकामागून एक जाइब करत राहिलो आणि प्रत्येक फेरीत किनाऱ्याच्या खालच्या अंगाला सरकत गेलो. शेवटी उतरलो तेव्हा गाडी दीड किलोमीटर वर राहिली होती. फळी डोक्यावर, शीड खांद्यावर आणि पायांखाली कालवांचे धारदार खडक. वाटेत एका आजोबांनी कोकणीत काहीतरी विचारले. मला ते कळले नाही, पण त्यांचा चेहरा कळला. त्या दिवशी फळी विकण्याचा विचार सोडला आणि टॅक शिकायचा ठरवला.

आता आंबोलीचे भांडण काढतो, कारण ते काढल्याशिवाय पुढचे सांगता येत नाही. तू म्हणाला होतास, "तू विचार करतोस म्हणून बुडतोस. पाय उचल आणि पलीकडे जा." मी म्हणालो होतो की, विचार न करता उचललेला पाय दर वेळी चुकीच्या वेळी उचलला जातो. त्यानंतर आजऱ्यापर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही, आणि आजऱ्याला बोललो तेही चहाच्या पैशांवरून. अप्पा, तुझे निम्मे बरोबर होते. निम्मेच.

माझी चूक अशी होती की "झटपट टॅक" म्हणताच मी सगळेच झटपट करत असे. फळी अजून वाऱ्याकडे पुरती वळलेली नाही तोच मी पुढच्या टोकावर हजर. तेथे शीड माझ्या छातीवर येई, मी पाठीमागे पडे. मग पुढच्या खेपेला, फार लवकर झाले म्हणून मी टोकावर उभा राहून वाट पाहत असे, आणि टोक बुडे. दोन वर्षे मी या दोन चुकांमध्ये येरझाऱ्या घातल्या. वाट पाहायची ती टोकावर नव्हे, टोकाच्या अलीकडे, एवढे साधे मला कोणी सांगितले असे समजशील? वस्तादांनी.

हसू नकोस. गणपतीनंतर मी रोज पहाटे गच्चीवर खडूने फळीची आकृती काढून पाऊलचाल घटवत होतो. शेजारच्या काकूंना मी नागीण नाच बसवतो आहे असे वाटले होते. पावसाने खडू धुतला जाऊ लागला म्हणून तालमीत गेलो. वस्तादांना सांगितले की, हा मल्लखांब म्हणजे डोलकाठी समजा, मी याच्या या बाजूला आहे आणि मला त्या बाजूला जायचे आहे, पण माझ्याखालची जमीन बुडणारी आहे. त्यांनी काही विचारले नाही. चार वेळा पाहिले आणि म्हणाले, "गडी पाय टाकतोय, पन वजन हितंच ठेवतोय. पाय गेला की बूड गेलं पायजे. आनि खाली काय बगतोस, पाय काय पळून जातात व्हय?" मग त्यांनी माझ्या हनुवटीखाली बोट धरून मान वर केली आणि तशीच वर ठेवून मला चाळीस वेळा मल्लखांबाभोवती फिरवले. मल्लखांब वाऱ्याने कलत नाही, एवढाच त्या शिक्षणात दोष होता.

त्यातून जी रीत बसली ती तुला लिहितो. तुला ती येते हे ठाऊक आहे. पण तुला ती न शिकता आली, म्हणून तुला ती सांगता कधीच आली नाही. आधी वेग घ्यायचा; मरगळलेल्या फळीवर टॅक सुरूच करायचा नाही. फळीवरच्या पट्ट्यांतून पाय काढायचे, हार्नेसचा दोर सोडायचा, पुढचा हात बूमवरून काढून डोलकाठीवर बूमच्या खाली धरायचा. पुढचे पाऊल डोलकाठीच्या सांध्यापुढून असे वळवून टाकायचे की टाच वाऱ्याकडे आणि बोटे मागे. येथपर्यंत घाई नाही. शीड मागे झुकवून आत ओढायचे, म्हणजे जोर मागे जातो आणि फळी स्वतःच वाऱ्याकडे तोंड फिरवते. सुकाणू नसलेल्या या वाहनाला शिडाखेरीज दुसरे सुकाणू नाही, आणि डोलकाठी चहूकडे कलू शकेल असा सांधा बसवण्याची ही युक्ती अमेरिकेतल्या ड्रेक आणि श्वाइट्झर यांनी १९६८ साली पेटंटासाठी मांडली तेव्हापासून आजतागायत तीच आहे. शिडाची कड माझ्या मागच्या पायाला लागेपर्यंत मी मागच्या पायावरच असतो. ही ती वाट पाहण्याची जागा. फळीने वाऱ्याचा डोळा ओलांडला, शीड हातात हलके झाले, की मग घाई, आणि तीही दोनच पावलांची: मागचा पाय नव्या बाजूला सांध्याशेजारी, पुढचा पाय सरळ मागे. टोकावर थांबायचे नाही, टोकावरून जायचे. आणि लगेच शीड पुढे आणि वाऱ्याकडे लोटायचे. माझी सर्वांत जुनी खोड म्हणजे पलीकडे पोचलो या आनंदात शीड जवळ घेऊन उभे राहणे. तसे केले की फळी वाऱ्याच्या तोंडात अडकते आणि मग सावकाश, अगदी सन्मानाने, आपण मागे पडतो.

रविवारी नेमके हेच सगळे एकामागोमाग घडले. वायव्येचा वारा दुपारी दोननंतर भरला होता. तुमच्या पर्थच्या वाऱ्याला लोक डॉक्टर म्हणतात असे तू कौतुकाने लिहिले होतेस. आमच्या वाऱ्याला कंपाउंडर म्हणावे, तोही साडेचारला घरी जातो. उजवा हात पुढे होता. मी मान वर ठेवली, आंबोलीच्या दिशेचे ढग पाहत राहिलो, आणि शीड हलके झाल्याचे हाताला कळले. पावले कधी टाकली ते मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की पाणी घोट्यापर्यंत आले, फळी एकदा थरथरली आणि मग डाव्या हातात ओढ लागली. मी मोठ्याने एक शिवी दिली. कोणाला ते तुला ठाऊक आहे.

त्यानंतर त्याच बाजूने आणखी तीन जमले, सातांपैकी. आता माझी खरी काळजी सांगतो, ज्यासाठी हे पत्र आहे. डावा हात पुढे असला की एकही जमत नाही. एकही नाही, अप्पा. नऊ वेळा केला आणि नऊ वेळा पडलो, आणि पडण्याची तऱ्हा दर वेळी निराळी, त्यामुळे चूक धरता येत नाही. उजवीकडून जे शरीर न विचारता करते तेच डावीकडून विचारून करू लागते. मग मला शंका येते की उजवीकडचेही मला येत नाही, ते केवळ घडले. जमला आणि झाला यांत फरक असतो, तसा. सहा वर्षांत एक बाजू झाली तर दुसऱ्या बाजूला मी त्रेपन्नाचा होईन. परतीच्या वाटेवर आजऱ्याजवळ गाडी थांबवून मी रस्त्याकडेला डाव्या अंगाने चार वेळा पावले टाकली. दूध घालायला निघालेल्या एकाने मोटारसायकल थांबवून "पायात गोळा आला काय?" असे विचारले, आणि मी "होय" म्हणालो.

वस्ताद म्हणतात की डावे अंग म्हणजे धाकटा भाऊ, त्याला निराळे शिकवावे लागते, थोरल्याचे कपडे चालत नाहीत. म्हणून या आठवड्यापासून मल्लखांबाभोवती केवळ डावीकडूनच फिरतो आहे. पावले बसली आहेत असे तेही म्हणतात. माझा संशय हातांवर आहे. उजवीकडून येताना मागचा हात बूमवरून केव्हा सुटतो आणि नव्या बाजूला केव्हा लागतो हे मी कधी पाहिलेच नाही, त्यामुळे डावीकडे काय वेगळे होते ते कळत नाही. मला वाटते की डावीकडून मी दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारतो, बुडता माणूस मारील तशी. पण ते मला दिसत नाही, आणि शहाळेवाला बघत नाही.

राणीच्या बारावीचे कळले, तिला माझा आशीर्वाद सांग; तिने आर्किटेक्चर घेतले हे उत्तम. वहिनींची पाठ कशी आहे? नव्या घराचे फोटो पाहिले, छान आहे, बाल्कनी थोडी लहान वाटली. अण्णांच्या वर्षश्राद्धाला तू येऊ शकला नाहीस याचे कोणी वाईट वाटून घेतलेले नाही, काकूंनी मुद्दाम सांगायला सांगितले आहे.

आणखी एक. आपली लांब फळी मी विकली असे तुला वाटते, बापूने तसे सांगितले म्हणे. विकलेली नाही. ती वाड्याच्या माळ्यावर आहे, तिच्यावर आईने वाळवणाच्या चाळण्या ठेवल्या आहेत, आणि डॅगरबोर्डाच्या खाचेत चिमणीने घरटे केले होते. तू आलास की उतरवू.

तोवर एक काम कर. नदीवर जाशील तेव्हा राणीला मोबाइल धरायला लाव आणि डावा हात पुढे ठेवून केलेले तुझे पाच-सहा टॅक मला पाठव. पायांचे नको, ते मला पाठ आहेत. मागचा हात बूमवरून नेमका कधी सुटतो, शीड पायाला लागण्याआधी की लागल्यावर, तेवढे दिसेल असे जवळून घे. पुढच्या शनिवारी रात्री निघणार आहे, त्याआधी मिळाले तर बरे.

तुझाच,
बंडू