महादेव पुन्हा प्रसन्न

फोंडा,
बुधवार, रात्रीचा दीड

प्रिय दिग्या,

काल रात्री महादेव प्रसन्न झाले. एवढंच लिहून पाकीट चिकटवलं असतं तरी तुला सगळं कळलं असतं, आणि तू हसत सुटला असतास. हस बाबा. नऊ महिने ना पत्र ना फोन, वास्तुशांतीलाही आलो नाही. तेवढा हक्क आहे तुझा. मी ठीक. आईचा गुडघा तसाच. साखर एकदा तपासली, आकडा आवडला नाही, म्हणून परत तपासली नाही.

आपला जुना यटर्बियमवाला लेझर अजून जिवंत आहे. तोच तो, तू सुतळीने बांधलेल्या डब्यातला. जूनच्या पहिल्या पावसात नेहमीप्रमाणे रुसला. पाच मीटर फायबरचं वेटोळं, त्यात ही हवा. प्रकाशाचं पोलरायझेशन जरा सरकलं की लॉक सुटतो, आखूड पल्सची रांग मोडते, हे तुला मी काय सांगू? तू त्याला ‘दमेकरी’ म्हणायचास. दोन तास पोलरायझेशनचे पॅडल फिरवले, मग कंटाळून पंपाचा करंट चढवला. झाला लॉक. ऑसिलोस्कोपवर 25 नॅनोसेकंदांच्या अंतराने शिस्तीत उभे पल्सचे दांडे, पॉवरही भरपूर. नमुन्यावर नेहमीप्रमाणे 20 मिलिवॅट पडतील एवढं कापून दिलं आणि पोरीला म्हटलं, घे, चालू कर.

ही पोर म्हणजे डिचोलीचीच, आमच्या वाड्यापासून दोन वळणांवरची. पीएचडीचं शेवटचं वर्ष. झेब्राफिशची पिल्लं पाळते आणि त्यांच्या शेपटीचे स्नायू बघते. रंग नाही, काही नाही. 1030 नॅनोमीटरचा लेझर आत जातो, स्नायूतल्या मायोसिन प्रथिनावरून अर्ध्या तरंगलांबीचा, 515 चा हिरवा बाहेर येतो, आणि पडद्यावर दोन-दोन मायक्रॉनचे पट्टे उमटतात, धुवट साडीच्या काठासारखे. तू बघितलं असतंस तर शिव्या द्यायचं विसरला असतास. काही पिल्लं स्वच्छ पाण्यात, काही खाणीच्या लाल मातीच्या पाण्यात. निकाल असा की लाल पाण्यातल्या पिल्लांचे स्नायू जवळजवळ निम्म्याने फिके. तिसरं प्रकरण त्यावरच उभं आहे. मला तो निकाल लगेच पटला. आमच्या शेतात ती माती किती पावसाळे बसली ते तू बघितलंयस, पटवून घ्यायला मला पुरावा लागत नव्हता. तिथेच चुकलं बहुतेक.

परवा तिने साधा प्रश्न विचारला. ‘सर, तक्त्यात पल्सची रुंदी किती लिहू?’ मी सवयीने 200 फेमटोसेकंद म्हणून मोकळा झालो. मग काल रात्री वाटलं, छापून जाणार आहे, एकदा मोजू या. पल्सची रुंदी मोजणाऱ्या ऑटोकोरिलेटरवरची धूळ पुसली (त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवत होतं, गोल डाग आहे, कुणीतरी म्हणजे मीच). जूनच्याच करंटवर चालू केला आणि उभा राहिला त्रिशूळ. मधलं शिखर उंच, दोन्ही बाजूंना बरोबर निम्म्या उंचीची. म्हणजे एका पल्सच्या जागी दोन, बारा पिकोसेकंदांवर. आपल्या म्हाताऱ्या स्कोपला बारा पिकोसेकंद कुठले दिसायला, त्याला दोन्ही मिळून एकच दांडा.

पुढचा हिशेब तू माझ्याआधी केला असशील. एक पल्स असताना 20 मिलिवॅटला माथ्यावर अडीच किलोवॅट. फुटून दोन झाल्या की प्रत्येकी सव्वा. हिरवा सिग्नल माथ्याच्या पॉवरच्या वर्गाने जातो, म्हणजे प्रत्येकीचा पाव, दोन्ही मिळून निम्मा. पॉवर मीटर मात्र तेच 20 दाखवत बसतो, मख्खपणे. आणि स्वच्छ पाण्यातली पिल्लं तिने एप्रिल-मेमध्ये घेतली. लाल पाणी पहिल्या पावसाशिवाय मिळणार कुठून? ती सगळी जून-जुलैची.

कळलं ना?

आता 2014 काढ. काढच, मी तुझ्या जागी असतो तर फ्रेम करून भिंतीवर लावलं असतं. तुझा तीन महिन्यांचा डेटा मी टाकायला लावला, याच त्रिशूळापायी. तू म्हणालास, सगळ्याला दोनाने गुणू या. मी सगळ्या लॅबसमोर ओरडलो, दोनाने गुणून विज्ञान होत नसतं. वर ते भाषणही ठोकलं, की गोपर्ट-मायर बाईंनी दोन फोटॉनचं गणित 1931 मध्ये मांडलं, प्रयोगाने ते दिसायला 1961 उजाडावं लागलं, बाई तीस वर्षं थांबल्या आणि तुला तीन महिने जड होतात? तू काही न बोलता टेबलावरचा पाव उचलून निघून गेलास. तो पाव माझा होता, हे मी अजून विसरलो नाही.

तर ऐक. काल रात्री तीन वाजता मी तिच्या जून-जुलैच्या फाइली उघडल्या आणि दोनाने गुणल्या. फरक गेला. दोन्ही टाक्या सारख्या. मग मनात आलं, पल्स रोजच फुटली असेल कशावरून? एखाद्या दिवशी एकच असेल, एखाद्या दिवशी तीन. तू होतास तेव्हा रोज सकाळी पहिली काच बटाट्याची असायची, लेझर पारखायला. काप घासायचा, स्टार्चच्या दाण्याच्या त्या दोन चकाकत्या पाकळ्या बघायच्या, आकडा वहीत. तू गेलास आणि मी ते बंद केलं, ‘बटाटेवड्याचं शास्त्र’ म्हणून. वही असती तर आज तारखेवार कळलं असतं. आज दुपारी बाजारातून बटाटा आणून मुद्दाम दोन्ही करंटवर घेतला. जूनच्या करंटवर निम्मा. पल्स फुटते यात शंका नाही, कुठल्या दिवशी किती फुटली ते मात्र आता कळायचं नाही.

सरांना सांगितलेलं नाही. तिलाही नाही. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा आहे, चवथ पंधरा दिवसांवर, तिच्या घरी गणपतीवरच्या माटोळीची गडबड. आज संध्याकाळी मला विचारत होती, तिसऱ्या प्रकरणाला आभारात माझं नाव कसं लिहू, ‘श्री.’ की ‘डॉ.’. मी म्हटलं, उद्या बघू. तेवढंच सुचलं.

पिल्लं परत वाढवायला फार दिवस लागत नाहीत, लाल पाणीही आत्ता ओढ्यात भरपूर आहे. दोन्ही टाक्या एकाच दिवशी, आलटून पालटून, मध्ये बटाटा. सहा आठवडे धर. तारीख चुकेल, फेलोशिप संपेल, आणि फरक निघेलच असं नाही. हे सगळं मला येतं. पहिलं वाक्य येत नाही. त्या दिवशी मी तुला कसं सांगायला हवं होतं, ते तू कधी बोलला नाहीस. आता बोल.

तुझी निळी वही आहे ना अजून? त्रिशूळाचा फोटो चिकटवलेलं पान पाठव, तिला दाखवायला. वहिनींना नमस्कार, धाकट्याचे दात आले का, आणि ती तुझी स्टेंट कापणारी मशीन अजून शुक्रवारीच बंद पडते का, ते सावकाश लिही.

हे पत्र पोचेल तेव्हा पोचेल, म्हणून आत्ताच पानांचे फोटोही पाठवतोय. ती दहाला येते. ऑटोकोरिलेटर चालूच ठेवलाय, खुर्ची त्याच्यासमोर. फोन करणार असलास तर साडेनऊच्या आत कर.

तुझा,
पाववाला