सुभेदार नाना, तुमच्या त्या पानाबद्दल

आदरणीय सुभेदार नाना,
सादर नमस्कार.

तोंडावर कौतुक केलं की तुम्ही चहा सांगायच्या निमित्ताने उठून जाता. म्हणून हे जाहीर पत्र.

गुलमर्गला स्कीइंगला निघालो तेव्हा जळगाव स्टेशनात झेलम एक्सप्रेस सुटता सुटता खिडकीतून तुम्ही वहीचं एक पान आत सरकवलंत. त्यावर एकाखाली एक तीनच आकडे: ३९५०, ३०५०, २६५०. मधे पेन्सिलीची आडवी रेघ, आणि खाली तुमच्या टपोऱ्या अक्षरात, 'ही रेघ रोज हलवायची.' आभार मानायचे आहेत ते या पानाचे.

त्याआधी सल्ला देणारे कमी नव्हते. पॅकेज विकणाऱ्या एका महाशयांनी 'जानेवारी म्हणजे बर्फाची गॅरंटी' असं छातीठोक सांगितलं होतं. २०२४ च्या जानेवारीच्या मध्यावर, ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गच्या मैदानात पिवळं गवत उघडं पडलं होतं. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या. हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुसरे एक जण रोज मोबाइलवरच्या हवामान ॲपचा फोटो पाठवायचे: 'साठ सेंटिमीटर बर्फ! चला!' साठ सेंटिमीटर कुठे, किती उंचीवर, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

तुमच्या पानावर तोच प्रश्न होता. आकडे उंचीचे, मीटरमध्ये: २६५० म्हणजे गुलमर्गचं मैदान, ३०५० च्या आसपास गंडोल्याचा (तिथल्या रोपवेचा) पहिला टप्पा संपतो ते कोंगडूरी, आणि ३९५० च्या आसपास दुसरा टप्पा, अफरवट शिखराचा खांदा. एकाच डोंगरावर तीन हवामानं. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मैदानात अधिक एक असताना वर उणे सात-आठ. ॲप मात्र काही किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी उंची धरतं. त्याच्या नकाशातला डोंगर इस्त्री केल्यासारखा चपटा असतो. म्हणून आकडा वाचण्याआधी तो कोणत्या उंचीचा आहे ते बघायचं.

पेन्सिलीची रेघ म्हणजे शून्य अंशाची पातळी. बर्फ या रेघेच्या खाली आणखी दोन-तीनशे मीटरपर्यंत टिकतो, मग त्याचा पाऊस होतो. रेघ २९०० वर असेल तर मैदान काठावर: जोराची सर आली, वितळणाऱ्या बर्फाने हवा गार केली, तर मैदानातही पांढरं, रिमझिम असेल तर नुसता चिखल. रेघ ३३०० वर गेली की मैदानात पाऊस, कोंगडूरीला ओला जड बर्फ आणि वर कोरडा भुसभुशीत. तीनही ठिकाणच्या लोकांना आपलंच खरं वाटणार!

मापाचंही तसंच. अंदाज मुळात पाण्याच्या मिलिमीटरमध्ये येतो. बरीच ॲपं सरधोपटपणे एक मिलिमीटरला एक सेंटिमीटर बर्फ धरतात. शून्याजवळच्या ओल्या बर्फात त्याचा अर्धा-पाऊणच भरतो, कडक थंडीत दीडपट होतो. आणि 'एकूण थर दीड मीटर' म्हणजे ताजा बर्फ नव्हे. ताजा मोजायचा तर आडोशाला पांढरी फळी ठेवायची, चोवीस तासांनी पट्टी खुपसून वाचायचं, फळी झाडून परत ठेवायची. दीड मीटर थरावर पाऊस पडून रात्री गोठला, तर वरचा पापुद्रा काचेसारखा होतो आणि स्कीची धार धरत नाही.

वाऱ्यापाशी तुमचा आवाज बदलायचा. कोरडा बर्फ वाऱ्याने उचलला की वाऱ्याकडची बाजू खरवडली जाते आणि आडोशाच्या घळीत दुप्पट-तिप्पट साठतो. बाहेरून गादी, आतून सापळा. उतार तीस ते पंचेचाळीस अंश, वीस-तीस सेंटिमीटर ताजा बर्फ, वर वारा: या तीन गोष्टी जमल्या की हिमस्खलनाचा, म्हणजे बर्फाचा लोंढा कोसळण्याचा, धोका; पुढचा दीड-दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही, ऊन कितीही छान पडलेलं असो. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा स्कीच्या पुढे भेग पळाली, तर तिथूनच मागे. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्यांत तिसरी म्हणजे 'मध्यम' नव्हे, हे तुम्ही दोनदा बजावलंत. माणसं तिसरीतच फसतात, कारण चौथीत जायला सहसा कोणी धजावत नाही. ट्रान्सीव्हर (गाडला गेलेला माणूस सिग्नलवरून शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, एकाकडे असून भागत नाही.

बाकी हवामानाच्या मॉडेलांचं, म्हणजे संगणकाने काढलेल्या अंदाजांचं, थोडक्यात: तीन दिवसांपर्यंत भरवसा, पाच-सात दिवसांचा नुसता कल, दहाच्या पुढचं करमणूक. युरोपचं आणि अमेरिकेचं मॉडेल एकच सूर लावत असतील तर पिशव्या भरायच्या.

पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, तुम्ही केळीच्या बागेतून समजावलात. तो भूमध्य समुद्राकडून येतो, काश्मीरवर बर्फ टाकून पुढे सरकतो, आणि मग उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. रावेर-यावलच्या बागांना कडाका बसतो तो बऱ्याचदा त्याच वाऱ्याचा. म्हणजे आपल्याकडे शेकोट्या पेटतात तेव्हा वर आभाळ निवळलेलं असू शकतं. हे एक वाक्य दहा नकाशांना भारी पडलं.

आमच्यातल्या एकाने चेष्टेत विचारलं होतं, "नाना, बरफ काय सांगीसन पडस?" तुम्ही हसलात नाही. "सांगस ना, ऐकणारा जोयजे," म्हणालात. पण आठव्या दिवसाचं विचारल्यावर सरळ म्हणालात, "ते मला सांगता येणार नाही." गॅरंटीवाल्यांच्या गर्दीत हे एवढं म्हणणारा माणूस दुर्मीळ. गावात असे चार जण असते तर निम्मे लोक फसले नसते.

पान आता लॅमिनेट केलंय. रेघ हलवता यावी म्हणून वरून काच-पेन्सिल चालते. डिसेंबरात धुळ्याची पोरं जाताहेत, त्यांना देतोय. मागची बाजू कोरी आहे. मार्चचा बर्फ रात्री गोठून सकाळी दहा-अकराला मऊ होतो आणि दुपारी चिकटतो, त्याच्या वेळा उताराच्या दिशेप्रमाणे तेवढ्या लिहून द्या. रविवारी येतो. भरताची वांगी आणतो, तुम्ही फक्त काट्या पेटवून ठेवा.

तुमचीच,
अमळनेरची गुलमर्ग मंडळी