धीर धरणे हे मुख्य धैर्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मविचाराने माणसाला केवळ भ्यायला आणि मान तुकवायला शिकवले, असे मत आपल्या पत्रसदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने मांडले. ते मला मान्य नाही. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस ॲक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात धैर्याचा जो विचार केला आहे, तो याच्या नेमका उलट आहे.

धैर्याची दोन कामे, चाल करून जाणे आणि टिकून राहणे. त्यांतले टिकून राहणे अधिक कठीण, म्हणून तेच मुख्य, असे ते सांगतात. चाल करणारा स्वतःला वरचढ समजत असतो, तर सोसणाऱ्यासमोर त्याच्याहून बलवान काहीतरी उभे असते. चाल करणाऱ्याला संकट अजून पुढे दिसते, सोसणाऱ्याच्या ते अंगावर आलेले असते. शिवाय चाल एका झटक्यात होते, सोसणे लांबत जाते. भीती मुळीच न वाटणे हा तर त्यांच्या मते दोषच. जीवघेण्या संसर्गाचे भय असूनही आजारी मित्राची शुश्रूषा न टाळणारा माणूसही त्यांच्या लेखी धैर्यवान ठरतो. हे वाचताना पुणेकराला १८९७ सालची प्लेगची साथ आणि आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्या सावित्रीबाई फुले आठवल्यावाचून राहत नाहीत. त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

मला अधिक मोलाचे वाटते ते ॲक्वायनस यांचे विश्वासाविषयीचे म्हणणे. विश्वास म्हणजे बळकट झालेली आशा, आणि ते बळ स्वतःच्या ताकदीतून जसे येते तसे पाठीशी असलेल्या समर्थ मित्रामुळेही येते. दुसऱ्याची गरज लागणे त्यांना मोठ्या मनाला कमीपणा आणणारे वाटत नाही, कारण माणूस मुळात एकट्याने जगणारा प्राणीच नव्हे. आपण मराठीत ‘धीर धर’ म्हणतो, तसेच ‘धीर देतो’ही म्हणतो, हा संबंध आपल्या भाषेने आपल्या परीने जपला आहे.

माझ्या पत्नीचे तीन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. सुई टोचायच्या आधी ती स्वतःच बाही वर सारते आणि भिंतीकडे तोंड करते. भीती अजून गेलेली नाही, हे तिच्या ताठरलेल्या खांद्यांवरून मला कळते. ओळखीच्या सिस्टरचा आवाज कानावर पडला की ते खांदे सैल होतात.

आपला,
एक वाचक, गुरुवार पेठ, पुणे