गॉलला जायचं ते जुन्या रस्त्यानेच

कोलंबो, 12 नोव्हेंबर

ती. काका आणि सौ. काकू,
सा. न.

जानेवारीत श्रीलंकेला येताय आणि गॉलचा किल्ला बघायचाय म्हणता, फार बरं केलंत. आपल्या कोकणासारखंच इथेही मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस असतो, तेव्हा या किनाऱ्यावरचा समुद्र पाण्यात पाय घालण्यासारखा राहत नाही. डिसेंबर ते एप्रिल तो शांत असतो. फक्त पौर्णिमेचा दिवस प्रवासाला धरू नका. इथे दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि देवळांपाशी रस्ता तुंबतो.

कोलंबो ते गॉल दोन रस्ते आहेत. एक्स्प्रेसवेने दोन तासांच्या आत पोचता येतं, पण वाटेत समुद्र दिसत नाही. जुना गॉल रोड सुमारे 120 किलोमीटरचा, गावागावांतून जाणारा. न थांबता गेलं तरी साडेतीन-चार तास लागतात. जाताना जुना रस्ता आणि अंधार पडल्यावर येताना एक्स्प्रेसवे, असंच करा. वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला. काकूंना उजव्या खिडकीशी बसवा. गाडी ड्रायव्हरसकट घ्या, कारण इथल्या खाजगी बस वळणावरही ओव्हरटेक करतात आणि नवख्या माणसाचा हात थरथरतो. निघायचं ते सकाळी सहाला. सातनंतर देहिवळा-मोरटुवा या उपनगरांपर्यंतच तास मोडतो.

पहिला थांबा कळुतरा. कळू गंगेच्या पुलाला लागूनच बोधिवृक्ष आणि पांढरा स्तूप आहे. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथल्या पेटीत नाणं टाकून पुढे जातात. स्तूप आतून पोकळ आहे, आत फिरता येतं. चपला आणि टोपी बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तो अपमान समजतात. ऊन चढलं की फरशी चटके देते, मोजे जवळ ठेवा.

कळुतऱ्याच्या आसपास माडांकडे मान वर करून बघत राहा. आपल्याकडे रेंदेर माडी काढायला प्रत्येक माडावर चढतो-उतरतो. इथे माडांच्या शेंड्यांना काथ्याचे दोन दोर बांधलेले असतात, खालच्यावर पाय, वरच्याला हात. माणूस एकदा चढला की या माडावरून त्या माडावर चालत जातो. हे सकाळीच दिसतं, उन्हं वर आली की माणसं खाली.

बेंतोट ओलांडलं की कोसगोडा. कासवांच्या हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रांच्या, पाट्या दिसतील, ड्रायव्हर आपणहून गाडी वळवेल. जपून निवडा. पिल्लू अंड्याबाहेर आल्यावर पोटातल्या बलकाच्या जोरावर पहिला दिवसभर सपाट्याने पोहत सुटतं, खोल पाणी गाठण्यासाठीच ती धाव असते. त्याला पर्यटकांना दाखवायला टाक्यात ठेवलं की तो जोर भिंतींवर आपटण्यात संपतो. आपल्या कोकणातल्या वेळासला पिल्लं थेट वाळूवर सोडतात, तेच बरोबर. हातात पिल्लू देणारी जागा असेल तर पैसे देऊ नका.

अंबलनगोडा लाकडी मुखवट्यांचं गाव. तिथून पुढे हिक्काडुव्याच्या अलीकडे पेरलियाला गाडी थांबवाच. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथे रेल्वेगाडी सापडली. पहिल्या लाटेनंतर गाडी उभी राहिली, आसपासचे लोक आसऱ्याला डब्यांत शिरले, आणि दुसऱ्या लाटेने डबे रुळांवरून उचलले. हजाराहून अधिक माणसं गेली. रस्त्याकडेला उंच बुद्धमूर्ती आहे. रूळ आजही समुद्राच्या इतके जवळ आहेत की पाहून पोटात गोळा येतो. त्या रुळांवर गाड्या चालू असतात, किनाऱ्यावर उतरताना दोन्हीकडे पाहून ओलांडा.

गॉलला दुपारी तीनच्या आधी तटावर जाऊ नका, सावली अजिबात नाही. तोवर जेवून घ्या. काकूंसाठी एक महत्त्वाचं: पोळ सांबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि कित्येक भाज्यासुद्धा, यांत सुक्या माशाचा चुरा, म्हणजे उंबलकड, घालतात. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘उंबलकड नको’ असं शब्दांत सांगा. शेवटी म्हशीचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुळचा पाक घ्या. कितुळ म्हणजे आपला भेरली माड.

किल्ला आधी पोर्तुगीजांचा होता. 1640 मध्ये डचांनी घेतला आणि तट-बुरूज नव्याने बांधले, 1796 मध्ये इंग्रज आले. तुम्ही वेंगुर्ल्याची डच वखार पडकी पाहत आलात. त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीची वस्ती इथे अजून नांदती आहे, लोक राहतात, शाळा भरते. सुरुवात जुन्या दरवाजापासून करा. बाहेरच्या बाजूला इंग्रजांचं राजचिन्ह, आतून मात्र डच कंपनीची अक्षरं, दोन सिंह, वर कोंबडा आणि 1669 हे साल. तटाच्या दगडाशी डोळा नेऊन बघा, त्यात पोवळ्याचे तुकडे चिणलेले आहेत, त्यांची जाळी बोटाला लागते.

मग दीपगृह, फ्लॅग रॉक हा बुरूज आणि पश्चिमेचा तट, या क्रमाने फिरलात तर सूर्यास्त बरोबर समोर येतो. तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, खाली थेट खडक. काकूंनी आतल्या बाजूने, गवतावरून चालावं. त्सुनामीत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं, पण तटामुळे आतली वस्ती बरीच वाचली.

वेळ उरला तर 1755 चं डच चर्च. जमीन थडग्यांच्या शिळांनी मढवलेली आहे, अक्षरं आणि कवट्या कोरलेल्या. लेन बान गल्लीत नुसतं हिंडा, नावाचा अर्थ दोर वळायची जागा. रत्नांच्या दुकानात ड्रायव्हर नेऊ लागला तर सरळ नाही म्हणा, त्याचं कमिशन किमतीत धरलेलं असतं.

येताना अर्धा किलो सोलं आणा. इथल्या माशाच्या कालवणात गोरका घालतात, तो त्याच कुळातला, पण सोलकढी त्याची होत नाही.

तुमचा,
बाळू