गाडी बसली तर आधी स्प्रिंग पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की आमच्या मानेवाडा भागातल्या गॅरेजमध्ये रोज एकच वाक्य ऐकू येते, "भाऊ, गाडी मागून बसून राहिली, शॉकअप टाकून द्या." सव्वीस वर्षे हेच काम करतो आहे. दिवाळीला भरलेल्या गाड्या गावाकडे निघण्याआधी आपल्या वाचकांपर्यंत थोडे पोचावे, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात उमरेडचे एक निवृत्त गुरुजी आले. गाडी मागे डावीकडे झुकलेली. दुसऱ्या गॅरेजात मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकून झाले होते, तरी झुकाव होता तसाच. मी टेप लावला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उजवीकडे ३८ सेंटिमीटर, डावीकडे ३५. गाडी वर घेतली तर डाव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटलेला. त्या जागी चिखल साचून राहतो, रंग निघतो, गंज धरतो आणि एखाद्या खड्ड्यात तुकडा पडतो. हाच तुकडा कधी टायरही फाडतो.

गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम वेगळे. दबून उसळलेली स्प्रिंग नाचत राहू नये म्हणून तो आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलत तिला आवरतो. म्हणून बसलेली गाडी शॉकअप बदलून उठत नाही.

टेपचे माप कोणालाही घेता येते. पेट्रोल पंपावर चारही चाकांत हवा भरली की तिथल्याच सपाट फरशीवर, डिकी रिकामी करून घ्यावे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर फरक दिसणार नाही. तेव्हा त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी ताडून पाहावे. मागून बसलेल्या गाडीचा हेडलाइट वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, हे रात्री वर्धा रोडवर फार जाणवते.

शॉकअप खरंच गेला असेल तर खुणा वेगळ्या. दांडीच्या सीलजवळ नुसती ओल असेल तर घाबरू नये. पण तेल ओघळून पूर्ण नळीवर धुळीचा काळा थर बसला असेल तर तो गेलाच. पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते. टायरवरून तळहात फिरवला तर उंच-सखल चट्टे लागतात. मात्र ते बॅलन्सिंग बिघडल्यानेही पडतात. बॉनेट दाबून सोडण्याची जुनी परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धा मेलेला नाही. त्यात गाडी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका.

आवाजाचे तर विचारूच नका. बेसाहून आलेल्या एका ताईंना पुढचे दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले होते. सिमेंट रोडवरून बाजूच्या गट्टूंवर चाक उतरले की खडखड व्हायची. निघाला लिंक रॉडचा, म्हणजे चाकाजवळच्या एका छोट्या जोडदांडीचा, ढिला झालेला सांधा. शॉकअपच्या मानाने किरकोळ खर्च. मी नवा होतो तेव्हा अशाच आवाजासाठी एका गिऱ्हाइकाचे शॉकअप बदलले होते आणि आवाज गेला नव्हता. त्याचे पैसे मी परत केले, पण त्याचा चेहरा अजून आठवतो.

बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर ठोकून गाडी उचलून देतात, ते मला मुळीच पटत नाही. तिथले वेढे काम करेनासे होतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो. स्प्रिंग असो की शॉकअप, त्याच ॲक्सलची डावी-उजवी जोडी बदलावी. पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला भाग, मात्र घरी कोणी उघडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात तोडेल. त्याला स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो आणि काम झाल्यावर अलाइनमेंटही करावी लागते.

गॅरेजवाल्याला विचारा, "खराब काय झालं ते गाडीखाली दाखवा." काढलेला जुना भाग परत मागा. तो तुमचाच आहे.

गुरुजींच्या दोन्ही मागच्या स्प्रिंगा बदलल्या. तुटलेला तुकडा त्यांनी रुमालात बांधून घेतला आणि म्हणाले, "आधी त्या गॅरेजात जातो, मग घरी."

आपला,
एक गॅरेजवाला,
मानेवाडा, नागपूर