आठ वर्षं झाली असतील तर फाईल काढून बघा

नमस्कार मंडळी,

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा मोठ्या आतड्याचा क्रोन्स (दोन्ही आतड्याला दीर्घकाळ सूज राहण्याचे आजार) असलेल्या सभासदांसाठी. त्रास सुरू होऊन ८ वर्षं झाली असतील (निदानापासून नव्हे, पहिल्या लक्षणांपासून मोजा), तर कर्करोगाच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासणं) झाली आहे का, हे याच आठवड्यात बघा. पुढची १ ते ५ वर्षांत कधी करायची, ते डॉक्टर धोका पाहून ठरवतात. सोबत पीएससी, म्हणजे पित्तनलिकांचा आजार असेल, तर ८ वर्षं थांबायचं नाही, पीएससीच्या निदानापासूनच दरवर्षी. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही आवर्जून सांगा.

“आता मला काही होत नाही” म्हणून पुढे ढकलू नका, कळकळीने सांगते. बरं वाटतंय तीच योग्य वेळ, कारण सूज असताना सुरुवातीचे बदल ओळखणं अवघड जातं. ते बरेचदा सपाट असतात, पटकन दिसत नाहीत. आतून निळा रंग फवारून बघण्याची सोय आहे का, विचारा.

पोट साफ करायचं औषध घेऊन विरार-कल्याणहून लोकलने येणं फार हाल करतं. जमल्यास आदल्या रात्री हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे राहा. गुंगी देतात, त्यामुळे सोबत माणूस हवाच. नेहमीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.